फडक्यातून आलेलं श्रीखंड

श्रीखंडाला विस्तव लागत नाही. दूध एकदा तापवून, कोमट करून विरजलं की चुलीचं काम संपतं. पुढे फडकं, खुंटी, हात आणि एक रात्र एवढंच लागतं. गॅसच्या शेगड्या घरोघरी येण्याआधी बहुतेक घरांतला स्वयंपाक एका चुलीवर आणि तिच्या वैलावर होत असे. सणाच्या सकाळी त्या चुलीवर वरण, भात, बटाट्याची भाजी आणि शेवटी पुऱ्यांची कढई असा क्रम लागलेला असायचा. अशा वेळी त्या दिवशीचं गोड आदल्या रात्रीच खुंटीला टांगलेलं असणं ही घरच्या बाईसाठी केवढी मोठी सोय होती! पाडव्याला आणि दसऱ्याला श्रीखंडच का, या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं दिली जातात. चूल मोकळी राहते, हे मला त्यातलं सगळ्यात पटणारं उत्तर वाटतं.

या पदार्थाचा माग काढायचा तर ग्रंथ भरपूर आहेत, आणि त्यांच्याकडे आपण वळणारच आहोत. पण श्रीखंडाच्या वंशावळीत मला सगळ्यात चिवट दिसतं ते फडकं. आधी दह्यातलं पाणी काढणारं, आणि मग तोच गोळा साखरेसकट घासून गाळून देणारं. नावं बदलली, मसाले बदलले, दूध घालायची रीत गेली, साखर वाढत गेली. फडक्याचं काम मात्र अगदी परवापरवापर्यंत जसंच्या तसं होतं.

जुन्या संस्कृत ग्रंथांत हा पदार्थ दोन नावांनी भेटतो, रसाला आणि शिखरिणी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला २७वा अध्याय खाण्यापिण्याच्या वस्तूंचे गुण सांगतो. तिथे रसाला येते ती अंग भरणारी, बळ देणारी, स्निग्ध आणि तोंडाला रुची आणणारी म्हणून. त्याच संहितेत दह्यावर मात्र कडक बंधनं आहेत. दही रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये. तूप, साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्या जोडीशिवाय खाऊ नये. आणि शरद, ग्रीष्म, वसंत या ऋतूंत तर ते बहुधा टाळावंच. पाडवा येतो वसंतात, दसरा येतो शरदात. ज्या ऋतूंत वैद्यांनी दह्याला नको म्हटलं, नेमक्या त्याच ऋतूंत मराठी घरांनी दह्याचं पक्वान्न ताटात मांडलं. वैद्यांनी घातलेली साखरेची अट मात्र घरांनी मनापासून पाळली.

अमरकोशात रसालेचं आणखी एक नाव दिलं आहे, मार्जिता, म्हणजे घासून स्वच्छ केलेली. कोशकाराच्या काळी हा पदार्थ चवीइतकाच त्याच्या घासण्यावरूनही ओळखला जात होता, असं यावरून मला वाटतं. हे घासणं नेमकं कसं होतं, ते सविस्तर सांगितलं आहे भावमिश्राने. त्याचा भावप्रकाश हा १६व्या शतकातला ग्रंथ, आणि त्यातली रसालेची कृती इतकी नेमकी आहे की आजही ओट्याशी उभं राहून करता येईल. म्हशीचं आंबट दही घ्यायचं, पाणी काढून टाकलेलं, एक आढक. पांढरी साखर दोन प्रस्थ. स्वच्छ कापडावर हे दोन्ही थोडं थोडं घालत जायचं आणि दूध घालत नव्या मातीच्या भांड्यात चांगलं दाबून गाळून घ्यायचं. मग वेलदोडे, लवंग, कापूर आणि मिरी बेताने मिसळायची. ही रसाला खाण्याचा षौकीन असलेल्या भीमाने स्वतः केली आणि श्रीकृष्णाने ती पुन्हा पुन्हा आवडीने चाखली, असंही भावमिश्र सांगतो. अज्ञातवासात विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राबलेल्या भीमाकडे या पदार्थाचं जनकत्व जावं, हे मला फार छान वाटतं. दाबून गाळायला मनगटात ताकद लागते, हे ज्याने कुणी एकदा केलं आहे त्याला पटेल.

या कृतीत आपलं श्रीखंड जवळजवळ पूर्ण आहे. म्हशीचं दही आहे, पाणी काढणं आहे, पांढरी साखर आहे, कापडावर घासणं आहे. एक आढक म्हणजे चार प्रस्थ, तेव्हा साखर दह्याच्या गोळ्याच्या निम्मी. वेगळं आहे ते दूध. भावमिश्र अर्धा घट दूध सांगतो, म्हणजे दह्यापेक्षा दूधच जास्त. तेव्हा ही रसाला चमचा उभा राहील इतकी घट्ट नव्हती. ती ओतायची, प्यायची, फार तर बोटाने चाटायची होती, आणि इतक्या दुधात निम्म्या मापाची साखर पसरली की आंबटपणा नक्कीच पुढे राहत असणार. आज आपण घट्टपणाला श्रीखंडाची इज्जत मानतो. वाटी उलटी केली तरी पडत नाही, हे कौतुकाने सांगतो. जुन्या रसालेची इज्जत आंबट-गोडाच्या तोलात होती.

भावप्रकाशाच्या चारशे वर्षं आधी हा पदार्थ आपल्या अगदी जवळच्या एका राजवाड्यात शिजत होता. शिजत होता म्हणणं चुकीचंच, गाळला जात होता. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ साली मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ पुरा केला. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आणि चालुक्यांची सत्ता आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती. राजाने काय खावं, काय ल्यावं, कुठले खेळ खेळावे हे सगळं सोमेश्वराने लिहून ठेवलं. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात दह्याच्या प्रकारांमध्ये शिखरिणी आहे. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. एकाच ग्रंथात राजाच्या ताटातली शिखरिणीही आहे आणि कांडणाऱ्या बाईची ओवीही, म्हणून मला हा ग्रंथ फार जवळचा वाटतो. राजाचं दही विरजलं कुणी, फडकं धुतलं कुणी, हे त्यात लिहिलेलं नाही. पण गाणारे हात कुणाचे होते, ते तरी त्याने टिपलं.

त्याहीआधी, १०२५च्या सुमारास, चालुक्यांच्याच राज्यात चावुंडरायाने कन्नडमध्ये लोकोपकार लिहिला. शेती, विहिरी, गुरांची औषधं, अत्तरं आणि स्वयंपाक असा संसारोपयोगी सगळा माल असलेलं हे पुस्तक. शिखरिणी त्यातही आहे. पुढे १७व्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते या मराठी पंडिताने भोजनकुतूहल रचलं, त्यातही ती येते. असा हा धागा दख्खनमध्ये कन्नड आणि मराठी मुलखांतून सलग चालत आलेला आहे. श्रीखंड मराठी की गुजराती, हा वाद जेवणाच्या पंगतीत नेहमी निघतो. बडोद्याला गायकवाडांचं राज्य होतं, सुरतेला श्रीखंडाचाच भाऊ मठो आहे, आणि दोन्हीकडच्या घरांत हा पदार्थ आपलाच म्हणून वाढला आहे. माझ्या मते या वादात तिसरा आणि जुना हक्कदार कन्नड आहे, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

घट्ट आणि पातळ अशा दोन्ही शाखा पुढे जिवंत राहिल्या. पातळ शाखेतलं शिकरण मराठी घरात अजून होतं. त्यात दह्याची जागा दुधाने आणि केळ्याने घेतली, पण नाव शिखरिणीचंच राहिलं. कर्नाटकात सीकरणे आहे, आंब्याची किंवा केळ्याची. आणि मुंबईत दादर-गिरगावच्या मराठी खाणावळींतून, उपाहारगृहांतून मिळणारं पीयूष आहे. श्रीखंड ताकात सैल करायचं, वर केशर-जायफळ. साबुदाणा वड्यावर हा पेला हवाच. भावमिश्राच्या रसालेची सगळ्यात जवळची नात कोण, असं विचारलं तर मी पीयूषाचं नाव घेईन. दादरच्या प्रकाश या उपाहारगृहात पीयूष पिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण तो पितो ते फार जुन्या घराण्यातलं पेय आहे. घट्ट शाखेचं टोक म्हणजे श्रीखंडाची वडी. चक्का आणि साखर कढईत कडा सोडेपर्यंत आटवायची, तूप लावलेल्या ताटात थापायची, कापायची. हिला विस्तव लागतो, पण त्या बदल्यात ती टिकते आणि डब्यातून गावाला जाते.

आता साखरेकडे वळायला हवं, कारण श्रीखंड कुणाच्या ताटात पडलं आणि कुणाच्या नाही, ते साखरेने ठरवलं. गुळाचं श्रीखंड सहसा कुणी करत नाही. गूळ पोळीत, पुरणात, लाडवात, खिरीत उतरला. चक्क्यात त्याचा रंग आणि चव दोन्ही बसत नाहीत. खडीसाखर कुटून, चाळून घ्यायची किंवा बाजारातून पांढरी साखर आणायची, आणि दोन्ही महाग. १९व्या शतकात मॉरिशसहून येणारी साखर मराठीत मोरस या नावानेच ओळखली जाऊ लागली. परदेशी कारखान्यांत साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरतात हे कळल्यावर सोवळ्या घरांनी ती देवाच्या नैवेद्याला वर्ज्य केली. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. सणाच्या गोडासाठी कुठली साखर आणायची, हा त्या वर्षांत राजकारणाचा प्रश्न होता, आणि तो घराघरात बायकांनाच सोडवावा लागला.

त्यातच दुधाचा हिशेब आला. म्हशीच्या एक लिटर दुधाचं दही टांगलं तर चक्का येतो साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, कधी थोडा जास्त. दहा-बारा माणसांना वाटीभर श्रीखंड द्यायचं तर चार-पाच लिटर दूध एका दिवसात लागणार. दुभती म्हैस दारात असली तरी ते दूध विकून मीठ-मिरची आणणाऱ्या घराला हे परवडणारं नव्हतं. म्हणून कोरडवाहू मुलखात सणाचं गोड पुरणपोळी राहिलं, हरभऱ्याची डाळ आणि गूळ घरचे. श्रीखंड बराच काळ शहरातल्या, नोकरदार, जमीनदार, भटा-बामणांच्या पंगतीचं राहिलं. हे मान्य केल्याशिवाय त्याचा इतिहास खरा होत नाही. ते सगळ्यांच्या ताटात आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९५०च्या सुमारास लोणी गावी प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने. पाठोपाठ गावोगावी कारखाने झाले. १९७०मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली. ज्या वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखाना काढला, त्याच खोऱ्यातल्या दूध संघाचं श्रीखंड पुढे घरोघरी गेलं, हे मला उगाच घडलेलं वाटत नाही. ऊस आणि म्हैस एका गावात आली की श्रीखंड फार लांब राहत नाही.

साखर स्वस्त झाली तसं प्रमाणही चढलं. आज कुणालाही विचारा, चक्क्याएवढीच साखर, एकास एक, हेच उत्तर येईल. भावमिश्राच्या निम्म्यावरून आपण बरोबरीला आलो, आणि मधलं दूधही काढून टाकलं. लवंग गेली, मिरी गेली, कापूर तर देवघरातच राहिला. त्यांच्या जागी केशर, जायफळ, चारोळी आली. वेलदोडा तेवढा टिकला. मिरीचा तो हलका चटका जाणं मला व्यक्तिशः चुकल्यासारखं वाटतं. दह्याच्या थंड, जड गोडाला तिची जोड फार चांगली बसते. कधी चिमूटभर ताजी कुटलेली मिरी वाटीवर भुरभुरून पाहा.

फडक्याची हकिकत सांगायची राहिली. श्रीखंडाचं फडकं घरात वेगळं ठेवलेलं असे. जुन्या धोतराचं किंवा पंचाचं मऊ झालेलं सुती कापड, हळदीचा डाग नसलेलं, साबणाचा वास नसलेलं. नवं कापड खळीमुळे पाणी धरून ठेवतं आणि त्याचा वास लागतो, म्हणून कापड जितकं जुनं तितकं चांगलं. ते आधी भिजवून पिळून घ्यायचं, पातेल्यावर अंथरायचं, त्यात दही ओतायचं, चारी टोकं गोळा करून गाठ मारायची आणि खुंटीला किंवा फडताळाच्या कडीला टांगायचं. खाली भांडं. सहा ते आठ तासांत दही आपलं पाणी सोडतं. मधे एकदा गाठ सोडून, कडेचा घट्ट भाग आत आणि आतला सैल भाग बाहेर करून पुन्हा बांधलं की चक्का सगळीकडून सारखा होतो. पुष्कळ जणी हे करत नाहीत आणि मग मधोमध पाणी राहिलं म्हणून हळहळतात. काम झालं की फडकं आधी गार पाण्यात खळबळायचं. थेट गरम पाण्यात टाकलं तर दुधाचा अंश धाग्यात शिजून बसतो आणि वास जात नाही. मग उकळायचं आणि उन्हात वाळवायचं.

दुसरं काम घासण्याचं. पुरणयंत्र येण्याआधी पातेल्याच्या तोंडाला तेच फडकं ताणून बांधत, त्यावर चक्का आणि साखर मुठीमुठीने घालत आणि तळहाताने घासत. खाली उतरे ते मऊ, एकजीव, कणी नसलेलं. भावमिश्र सांगतो ते हेच, आणि मार्जिता हे नावही याचंच. पुरणयंत्राच्या बारीक जाळीने हे काम सोपं केलं, पण तिथेही एक अडचण होती. ही यंत्रं पितळेची. आंबट पदार्थ पितळेला लागला की कळकतो, म्हणून कल्हई नीट असलेल्या यंत्रातूनच चक्का काढायचा, आणि कल्हईवाला गल्लीत आला की पातेल्यांबरोबर पुरणयंत्रही त्याच्यापुढे ठेवायचं. ॲल्युमिनियमची, मग स्टीलची यंत्रं आली आणि ही काळजी संपली. आमच्या घरी जाळीतून खाली पडणाऱ्या श्रीखंडाच्या शेवया बोटाने तोडून खायची परवानगी फक्त यंत्र फिरवणाऱ्याला होती, त्यामुळे यंत्र फिरवायला मुलांची कधी वाण पडली नाही.

साखर चक्क्यात गेली की तो सैल होतो, कारण साखर चक्क्यात उरलेलं पाणी ओढून घेते आणि विरघळते. नवखी माणसं इथे घाबरतात. दोन-तीन तास झाकून ठेवलं की ते पुन्हा आळतं. मिक्सरमधून काढलेलं श्रीखंड मात्र पातळच राहतं; पात्यांनी चक्क्याची बांधणी मोडते. घासण्यात गोळा दबतो आणि सरकतो, कापला जात नाही. इतक्या शतकांत हे काम कापडाकडे आणि जाळीकडे राहिलं याचं कारण हेच.

मग फ्रिज आला. गोदरेजने १९५८मध्ये आपल्याकडे फ्रिज बनवायला घेतले, मध्यमवर्गीय मराठी स्वयंपाकघरात ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. चैत्राच्या उकाड्यात रात्रभर टांगलेलं दही सकाळपर्यंत चांगलंच आंबत असे, आणि तो आंबटपणा मोडायला साखर लागत असे. फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवून पाणी काढता येऊ लागलं, दही गोडसर राहू लागलं. गोड दह्यात तेवढीच साखर घातली की श्रीखंड नुसतंच गोड होतं. साखरेचं जुनं प्रमाण आंबट दह्यासाठी होतं, हे आपण विसरलो आणि फ्रिजमधल्या चक्क्यालाही तेच लावत राहिलो. आजच्या श्रीखंडाने मिटी बसते, दुसरी वाटी घ्यावीशी वाटत नाही, याचं खरं कारण मला इथे दिसतं.

कारखान्याची गोष्ट वेगळी आहे. १९७०च्या दशकात बडोद्याच्या डेअरीत श्रीखंड यंत्रांवर करण्याची पद्धत बसवली गेली. फडक्याची जागा घेतली क्वार्क सेपरेटरने, म्हणजे जर्मन लोकांच्या क्वार्क या चक्क्यासारख्या पदार्थासाठी घडवलेल्या यंत्राने. ते दही गरगर फिरवून काही मिनिटांत पाणी वेगळं करतं. त्यासाठी दही लावतात ते साय काढलेल्या दुधाचं, कारण सायीच्या दह्यातला बराच स्निग्धांश पाण्याबरोबर निघून जाण्याची भीती असते. मग घट्ट मलई आणि साखर वेगळी मोजून घालतात. डब्यातलं श्रीखंड प्रत्येक वेळी एकाच चवीचं लागतं ते या मोजमापामुळे. सरकारी अन्नमानकंही आहेत: श्रीखंडात घन पदार्थ किमान ५८ टक्के हवेत, आणि त्या घन भागात साखर ७२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ५८ टक्क्यांचा हिशेब धरला तर शंभर ग्रॅम श्रीखंडात जास्तीत जास्त ४२ ग्रॅम साखर. आता घरचं एकास एक प्रमाण मोजा: शंभरात पन्नास. डब्यातल्या श्रीखंडाला गोडमिट्ट म्हणून नावं ठेवणाऱ्या आपणा घरगुती माणसांनी हा हिशेब एकदा करून पाहायला हवा.

मी स्वतः डब्याला नावं ठेवणार नाही. ज्या घरात दोघंही सकाळी आठची लोकल धरतात, ज्या घरात म्हशीचं निर्भेळ दूध मिळत नाही, त्या घरात पाडवा या डब्याने साजरा झाला. सणाच्या आदल्या संध्याकाळी डेअऱ्यांपुढे तयार चक्क्यासाठी रांगा लागतात, तेही मला चांगलंच वाटतं. निदान घासणं तरी घरात होतं. अमेरिकेतल्या मराठी बायकांनी आंबट मलईवर आणि पुढे ग्रीक योगर्टवर श्रीखंड उभं केलं. हे ग्रीक योगर्टही फडक्यातून पाणी काढलेलं दहीच, तेव्हा ती तडजोड कमी आणि नात्यातली देवाणघेवाण जास्त आहे. १९७०मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या रुचिराने वाटी-चमच्याचं माप दिलं आणि सासरी-परदेशी गेलेल्या मुलींना आईच्या अंदाजावर अवलंबून राहायची गरज उरली नाही. अशा पुस्तकांनी श्रीखंड लांबवर पोचवलं.

पण चक्का विकत आणला की एक गोष्ट घरातून कायमची जाते, ती म्हणजे खाली जमलेलं पाणी. पाच लिटर दह्याचं श्रीखंड करा, निम्म्याहून अधिक पाणीच उरतं. आयुर्वेदात त्याला मस्तु म्हणतात आणि त्याचे गुण स्वतंत्रपणे सांगतात. जुन्या घरात हे पाणी मोरीत गेलं असेल असं मला वाटत नाही. त्यात डाळीचं पीठ कालवून कढी होते आणि तिला वेगळा आंबटपणा लागत नाही. थालीपिठाची भाजणी, आंबोळीचं पीठ, पोळ्यांची कणीक त्यात भिजवता येते. पोळी मऊ राहते. दुसऱ्या दिवशीचं विरजण त्यानेच लागतं. तांब्या-पितळेची पूजेची भांडी त्यात थोडं मीठ घालून घासली की लख्ख निघतात, आणि तेच पाणी तांब्या-पितळेत साठवून मात्र ठेवू नये. भरपूर पाणी मिसळून कढीलिंबाच्या कुंडीला घातलं तरी चालतं. कारखान्यात या पाण्याची विल्हेवाट ही मोठी डोकेदुखी असते, ते नाल्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. घरात ते एका दिवसात संपतं.

तेव्हा येत्या सणाला, एकदाच का होईना, चक्का विकत आणू नका. म्हशीचं दोन लिटर दूध विरजा, दही थोडं आंबट होऊ द्या, जुन्या सुती कापडात टांगा. साखर आधी चक्क्याच्या निम्मी घाला, जाळीतून काढा, तासाभराने चव बघा. वाटली तर पाऊणपटीपर्यंत जा, त्यापुढे नको. वेलदोडा आणि चिमूटभर मिरी घाला. आणि खाली जमलेल्या पाण्याची कढी त्याच दिवशी पुरीबरोबर वाढा.